शून्याची कुपी

२ एप्रिल २००१, सोमवार

आज हजर झाले! खडकीहून स्टेशन, स्टेशनहून हडपसर. दोन बसमध्ये मिळून नव्या ड्रेसची इस्त्री पार गेली, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात वर्गातली निम्मी मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि बऱ्याच मुलींची लग्नं झाली. माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश जावाचा क्लास लावून बसलाय आणि मला ऐकवतो की ताई, एवढं शिकून तू उंदीर पकडणार. ही रोजनिशी मात्र त्यानेच आणून दिली, आणि वर म्हणाला की आता मोठ्या लोकांसारखं लिहीत जा.

आमची कंपनी औद्योगिक वसाहतीतल्या एका दुमजली गाळ्यात आहे. शेजारच्या गाळ्याला निळी काच लावून सॉफ्टवेअर कंपनी निघाली, आमच्यावर अजून पत्रा आहे. खाली पेशींची खोली आणि तिला लागून उंदरांची. वरच्या मजल्यावर तालिब शेख यांची रसायनं. मालक म्हणजे डॉ. रंगराव, सगळे त्यांना सर म्हणतात. अमेरिकेत शिकून आले आहेत. कीटकनाशक बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीला आपल्या कामगारांच्या रक्तात ते विष किती गेलंय हे तपासायचं आहे. त्यासाठीचं किट आम्ही बनवायचं. पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं राबले, त्यामुळे कामगारांच्या उपयोगाचं काही करायला मिळणार याचा मला फार आनंद झाला.

पेशींच्या खोलीत शिरायचं तर चपला काढा, डगला घाला, तोंड झाका, मग एकामागोमाग दोन दारं, विजेच्या कुलुपांची. सरांना बूट काढायचा कंटाळा, म्हणून ते मोठ्या काचेच्या पलीकडे उभे राहून फोनवरून काम समजावतात. मला गंमत वाटली.

इथे एक रिवाज आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांनी रक्त द्यायचं, आणि नव्या माणसाने पहिल्या दिवशी. विष नसलेलं निरोगी रक्त कसं असतं हे मशीनला दाखवावं लागतं ना, ते आमचं. सगळ्यांचं एकत्र करून त्याला नाव ‘शून्य’. या महिन्याचं शून्य कालच तयार झाल्यामुळे माझी नळी नुसतीच ‘मैत्री’ असं नाव घालून फ्रीझरमध्ये ठेवली. नंतर सगळ्यांना चहा आणि क्रीमरोल. उंदीर सांभाळणाऱ्या राधाताई म्हणाल्या, “आता तू आमच्यातली झालीस.”

९ एप्रिल

काम कळू लागलंय. विषाचा रेणू इतका लहान की शरीर त्याची दखलच घेत नाही. नुसता टोचला तर उंदराच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होत नाही. म्हणून तालिबभाई वर त्या रेणूला एक जास्तीचा हात जोडतात आणि त्या हाताने तो एका मोठ्या प्रथिनाला बांधतात. मोठ्याच्या खांद्यावर बसून आला की शरीर लगेच विचारतं, हा कोण? मला कॉलेज आठवलं. कोणा मोठ्या आडनावाच्या सरांची चिठ्ठी असल्याशिवाय तिथेही माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

मग त्या उंदराची प्लीहा काढायची आणि तिच्यातल्या पेशींचा कर्करोगाच्या पेशींशी संकर करायचा. त्यातून जी जात निघते ती अँटिबॉडीही बनवते आणि मरतही नाही. खायला घालत राहा, ती वाढत राहते. आमच्याकडची जात अप्रतिम आहे. माझ्या आधी प्रेमला नावाची मुलगी होती, तिने शेकडो पेशींतून ती निवडली. जातीचं नाव मात्र ‘आरआर-१’. म्हणजे रंगराव. प्रेमलाचं नाव कुठेही नाही. सर म्हणाले, ती लग्न करून गेली. लग्न झालं म्हणून निवडलेली पेशी सरांची कशी होते, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. पहिलाच आठवडा, म्हणून गप्प बसले.

स्वच्छ बाकापाशी, म्हणजे पेशी हाताळायच्या पेटीवजा टेबलापाशी, बसणं मात्र सुख आहे. बाक खोलीतली हवा ओढतो, गाळतो आणि पेशींवरून समोर सोडतो. बसच्या धुरातून यावं आणि ती गार हवा तोंडावर घ्यावी.

२२ मे

एकटीने रक्त तपासायची पहिली प्लेट केली. रक्त स्वच्छ असेल तर गडद निळा रंग येतो, विष असेल तर फिका. जितकं विष जास्त तितका फिका. आधी शून्याच्या कुपीचा रंग दाखवून मशीनला सांगायचं की याला शून्य धर. याला आम्ही ‘शून्य लावणं’ म्हणतो.

खोलीतल्या ट्यूब बदलायला सांगितल्या. फार मंद झाल्या आहेत. वायरमन आला, बघून गेला, म्हणाला नव्या आहेत.

१४ जुलै

आज डोकं फिरलं. शून्याचा निळा रंग मला फिका वाटतो, हे मी सरांना सांगितलं. साध्या मिठाच्या पाण्याचा रंग त्याच्यापेक्षा कितीतरी गडद येतो. सर काचेपलीकडून हसले. म्हणाले, रक्तात शंभर गोष्टी असतात, त्यांच्यामुळे रंग दबतो, तो रक्ताचा स्वभाव आहे, पुस्तकात आहे, वाचलं नसेल तर वाचा. पुढे म्हणाले, तुमच्याकडे सवलतीत पास होतात त्यामुळे पाया कच्चा राहतो.

मी विद्यापीठात दुसरी आले होते. मला पहिली आल्यावरच बोलायचा हक्क आहे का? पप्पा म्हणतात, नोकरी नवी आहे, तोंड सांभाळ. सांभाळते. पण दात इतके आवळून धरलेत की जबडा दुखतोय.

रक्तामुळे रंग दबतो हे मात्र खरंच पुस्तकात आहे.

६ ऑगस्ट

घरी भर दुपारी दिवा लावला म्हणून पप्पांनी चेष्टा केली, की वीज मंडळात तुझे कोणी पाहुणे आहेत का. मला खरंच अंधारून आल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी चष्मा दिला. चष्म्याने अक्षर मोठं दिसतं, उजेड वाढत नाही.

उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. दिवसभर तो पिपेटच्या दट्ट्यावर असतो, म्हणून असेल.

राधाताई सांगत होत्या, की उंदरं पिंजऱ्यात एकाच बाजूला दाटी करून बसतात, पेशींच्या खोलीकडची बाजू मोकळी सोडतात. पिंजरा फिरवून ठेवला तरी पुन्हा तिकडेच. “तिकडून एशीचा गारठा येत आसंल, दुसरं काय हाय?” मी जाऊन पाहिलं. उंदरांच्या तोंडाला ओल होती आणि मिशा थरथरत होत्या.

२५ सप्टेंबर

फ्रीझरमध्ये जागा करताना माझी पहिल्या दिवसाची नळी सापडली. सहज म्हणून प्लेटवर लावली. गडद निळा! मिठाच्या पाण्याइतका. म्हणजे रक्ताचा स्वभाव वगैरे काही नाही. मग प्रत्येकाच्या रक्तातलं थोडं थोडं बाजूला ठेवलेलं असतं, ते काढलं. माझं मे महिन्याचं फिकं. जुलैचं त्याहून फिकं. या महिन्याचं जवळजवळ पांढरं. राधाताईंचं पांढरं. प्रेमलाच्या नळ्या अजून तशाच होत्या. पहिली निळी, मग उतरत उतरत शेवटची पाण्यासारखी.

आमच्या सगळ्यांच्या रक्तात विष आहे. आणि त्या रक्ताला आम्ही शून्य म्हणतो! दर महिन्याला थोडं जास्त विष भरलेलं रक्त दाखवून मी स्वतःच्या हाताने मशीनला सांगते, की बाबा रे, इथे काही नाही. या शून्याने ज्या कामगाराचं रक्त तपासलं जाईल तो मरायला टेकला तरी निरोगी ठरेल.

सरांचं रक्त शोधलं. त्यांची नळीच नाही. त्यांनी कधी दिलंच नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीची सुट्टी. राधाताईंकडून पत्ता घेऊन बिबवेवाडीला प्रेमलाकडे गेले. लग्न कसलं! तिच्या आई, मुक्ताबाई, दार उघडून बाजूला झाल्या. प्रेमला खिडकीत बसली होती. ऊन थेट तोंडावर. तिने मला विचारलं, की वीज कधी येणार.

तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत. तोंडातून लाळ येत होती, आई पुसत होत्या. उजवा हात मांडीवर, आणि अंगठा हवेत एक दट्ट्या दाबत होता. दाब, सोड. दाब, सोड. मुक्ताबाई म्हणाल्या, झोपेतही थांबत नाही. डॉक्टर म्हणतात नसांचा आजार. सरांनी दिवाळीला मिठाई पाठवली होती.

निघताना प्रेमलाने माझ्या डगल्याचा वास ओळखावा तशी मान वळवली. डगला घरी होता. हसून विचारलं, “शून्य लावलंस का गं?”

परत येताना बसमध्ये मी माझा उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते.

१ ऑक्टोबर

तालिबभाईंना सगळं सांगितलं. ते पुण्याचेच, भवानी पेठेतले, अतिशय सरळ माणूस. आधी म्हणाले, शक्य नाही, मी विष फक्त धुराड्याखाली हाताळतो, त्याचा पंखा सगळी वाफ बाहेर ओढून नेतो. मग दोघांनी शिडी लावून माझ्या खोलीचं खोटं छत उघडलं.

धुराड्याचा पाइप बाहेर गेलेलाच नाही. गाळ्याच्या मालकाने भिंतीला भोक पाडू दिलं नाही, म्हणून तो छताच्या पोकळीत आणून सोडून दिलाय. बरोबर माझ्या बाकाच्या वर. वरची वाफ खाली माझ्या खोलीत येते. बाक ती ओढतो. त्याच्या गाळणीत धूळ अडते, जंतू अडतात, वाफ अडत नाही. आणि तीच गार हवा तो दिवसभर माझ्या तोंडावर सोडतो. मी तिला सुख म्हणत होते! बाक पेशींना जपायला बनवलाय. समोरच्या माणसाला जपायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

तालिबभाई शिडीवरच बसून राहिले. म्हणाले, “मैत्री, मला खरंच माहीत नव्हतं.” मला त्यांचा राग आला नाही. उरलेला सगळा एकाच माणसासाठी ठेवलाय.

३ ऑक्टोबर

सरांकडे गेले. त्यांच्या केबिनमध्ये, सगळ्या प्लेटी घेऊन. त्यांनी पाइपाबद्दल खेद व्यक्त केला. दुपारी मिस्त्री येऊन चंदेरी पट्टी चिकटवून गेला. झाली दुरुस्ती.

मग मी म्हटलं, शून्य बदला. माझ्या पहिल्या दिवसाच्या रक्ताने लावा, नाहीतर बाहेरून स्वच्छ रक्त आणा. सर बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. म्हणाले, ग्राहकाने याच शून्यावर किट मंजूर केलंय. शून्य बदललं तर त्यांचे निम्मे कामगार आजारी ठरतील. मला काय म्हणायचंय ते तुमच्यासारख्या हुशार मुलीला कळत असेल.

कळलं. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. बूट काढायचा कंटाळा! हा माणूस त्या खोलीत कधीच आला नाही, कारण त्याला माहीत होतं. आम्हाला क्रीमरोल खायला घालत होता.

मी त्यांना नालायक म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तोंडावर म्हटलं, आणि अजून चार वेळा म्हणावंसं वाटतंय.

९ ऑक्टोबर

सरकारी कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, विष रक्तात आहे याचा पुरावा काय? मी म्हटलं, किट. साहेब म्हणाले, किट तर अजून बाजारात आलेलं नाही.

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. पप्पा रोज म्हणतात, देऊन टाक, जीव मोठा की नोकरी. पण मी आज गेले तर किट त्याच शून्याने जाईल. ८ नोव्हेंबरनंतर पहिली खेप निघणार आहे. तोवर थांबायचं. पट्टी लावलीय, वास येत नाही. महिन्याभराचा तर प्रश्न आहे.

२६ ऑक्टोबर, दसरा

विहारात गेले होते. वंदना म्हणताना लाळ गळली. पांढऱ्या साडीवर. कोणी पाहिलं नसावं. मेणबत्त्या लावल्या आहेत की विझल्यात, ते मला प्रज्ञेशला विचारावं लागलं.

त्याने हसून उत्तर दिलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

३० ऑक्टोबर

पेपरात जाहिरात. पेशींच्या कामासाठी एम.एस्सी. उमेदवार हवा, अनुभवाची अट नाही, प्रशिक्षण देऊ. अक्षरन् अक्षर तीच. मी जी कापून अर्ज केला होता, तीच.

माझ्या जागेची आहे. मी अजून राजीनामा दिलेला नाही.

२ नोव्हेंबर

काल सगळ्यांनी रक्त दिलं. मीही. मला ते हवं होतं.

उंदीर मेले. सगळे एका बाजूला, एकावर एक. राधाताई रडत होत्या — सरांनी सांगितलं नवे मागवा.

पट्टी लावल्यावर मरायला नको होते.

५ नोव्हेंबर

पेशी मजेत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चमकदार. वाढतायत. प्रेमला तशी बसलीय, मी अशी, आणि त्या वाढतायत. त्यांना मी पोटच्या पोरासारखं खायला घातलं.

आज अंगठा थांबेना. चहाचा कप — राधाताईंनी धरला.

ठरलं. गुरुवारी कोणी नसतं. शून्याच्या कुप्या रिकाम्या करायच्या आणि त्यात माझ्या पहिल्या दिवसाचं रक्त भरायचं. प्रत्येक किटमध्ये शून्याच्या जोडीला दुसरी कुपी असते, विष असलेल्या रक्ताची, तुलनेला. तिच्यात आमच्या शिशीतलं मोजून टाकलेलं विष असतं. ते ओतून देणार. त्यात माझं या महिन्याचं रक्त.

मग राजीनामा सरांच्या टेबलावर.

८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आले. वॉचमनला म्हटलं, पेशींना खायला घालायचंय. त्याने सोडलं.

वरती पावलं वाजतायत. तालिबभाई. खेपेसाठी सरांनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं असणार. मी इथे आहे हे त्यांना माहीत नाही.

भरायला बसले. रोजनिशी शेजारी ठेवलीय — हात थांबला की लिहिते, म्हणजे हाताला कळतं अजून आपला आहे.

शून्याच्या कुप्या झाल्या. सगळ्या. पहिल्या दिवसाची मी, प्रत्येक कुपीत थेंब थेंब.

वीज गेली. गुरुवारी जातेच. जनरेटर लागला — बाक चालू, फ्रीझर चालू, पेशींचं ऊबदार कपाट चालू, वर धुराड्याचा पंखा चालू. दार उघडत नाही. दोन्ही दारं विजेवर. जनरेटर पेशींना जोडलाय, दाराला नाही. कोणाच्या बापाला सुचलं नाही की आत माणूस असतं.

वास येतोय. वर बघितलं. पट्टी सुटून लोंबतेय. एका बाजूने केव्हाची सुटलेली असणार, तिच्यावर धूळ आहे.

बाक बंद केला. तरी येतोय.

फोन मेलाय. काचेवर मारलं, दुहेरी काच. वर पावलं. तालिबभाई, खाली बघा हो — खाली —

काचेपलीकडे सर.

आले. बूट घालून उभे आहेत. मी दाराकडे हात केला. ते कुप्यांकडे बघतायत. मोजतायत बहुतेक. त्यांना कळलं.

हाताने खूण केली, थांबा.

गेले.

थांबते का मी! नालायक माणूस. पहिली पेटी कालच रवाना झाली असं म्हणाला असता, तरी मी — नाही. पेट्या सगळ्या इथेच आहेत. माझ्या हाताखाली.

दुसऱ्या कुप्या भरतेय. या महिन्याची मी. शेवटच्या राहिल्यात.

दिसत नाही नीट. ऊन गेलं का. बारा वाजलेत ना —

दाब. सोड. दाब. अंगठा बरोबर चालतोय. प्रेमला, बघ, चालतोय.

झाल्या. बुचं लावली. पेट्या बंद. पट्टी मारली. बाहेरून काही फरक नाही. उघडून ओततो म्हटलं तर त्याला आत यावं लागेल. बूट काढून. येऊ दे ना. येऊ दे —

पहिल्या कुपीत मी. दुसरीतही मीच. मधला फरक म्हणजे या सात महिन्यांत माझं काय केलं ते. कुठल्याही कामगाराचं रक्त आता या दोघींच्या मध्ये ठेवून बघायचं.

काचेपाशी कोणी नाही. पावलं थांबली वरची. की ऐकू —

पेशींची एक कुपी उरली. तिला लेबल नाही. आरआर लिहिणार नाही. प्रेमला लिहिते, आणि खाली माझं

मै